डाग पुसा, गोंदण राहू द्या

आजोबांचा एकच फोटो आहे, तोही बँकेच्या पासबुकावरचा, खांद्यावर शिक्का बसलेला. दशक्रिया विधीच्या फ्लेक्ससाठी तो मोठा होईल का? मुलगा सैन्यात आहे, बहिणीच्या लग्नाला रजा मिळाली नाही. त्याला मंडपातल्या ग्रुप फोटोत उभं करता येईल का? आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे, दोघांचा जोडीनं फोटो कधी निघालाच नाही. दोन वेगळ्या फोटोंतून एक होईल का? पाथर्डी-शेवगावपासून अकोले-संगमनेरपर्यंतचे वाचक फिरून फिरून हेच विचारतात. त्याला जोडून आणखी एक प्रश्न हमखास असतो: ‘स्टुडिओवाला म्हणाला क्लोन मारून देतो. म्हणजे नेमकं काय करणार?’

तिन्ही कामं होतात. पण किती चांगली होतील हे यंत्रापेक्षा तुम्ही आधी काय ठरवता यावर जास्त अवलंबून असतं. घरच्या संगणकावर स्वतः करणार असाल किंवा चितळे रोडवरच्या स्टुडिओत देणार असाल, दोन्ही बाबतीत पुढचं उपयोगी पडेल.

क्लोन म्हणजे पुसणं नव्हे

सगळा घोळ इथूनच सुरू होतो. क्लोन हे खोडरबर नाही. फोटोतल्या एका जागेचा तुकडा उचलून तो दुसऱ्या जागी रंगवायचा, एवढंच ते करतं. शर्टावरचा डाग घालवायचा तर शेजारचं स्वच्छ कापड उचलून डागावर आणायचं. याचा सरळ अर्थ असा, की फोटोत जे नाही ते क्लोन आणू शकत नाही. वाळवीनं अर्धा चेहरा खाल्ला असेल, तर उरलेला अर्धा उलटा करून बसवता येतो, पण तो माणूस थोडा परका दिसणार, कारण कुणाच्याच चेहऱ्याच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात. अशा वेळी त्याच माणसाचा दुसरा कुठलाही फोटो, अगदी लग्नातल्या गर्दीतला अंगठ्याएवढा चेहराही, शोधून काढणं जास्त मोलाचं.

क्लोनची भावंडं दोन. हीलिंग ब्रश उचललेल्या तुकड्याचा पोत घेतो, पण रंग आणि उजेड आजूबाजूच्या जागेशी जुळवतो. त्वचेला तो चांगला. पॅचमध्ये जागेभोवती रेघ ओढून सगळा भाग एकदम बदलता येतो. हीलिंग ब्रश २००२ मध्ये फोटोशॉपच्या सातव्या आवृत्तीत आला. त्याआधी सगळं क्लोनवरच चालायचं, आणि त्याच्याही आधी स्टुडिओत निगेटिव्ह उजेडावर धरून बारीक शिसपेन्सिलीनं टचिंग करत. त्या पिढीतले कारागीर अजून भेटतात. डोळा कसा लावायचा हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

आधी फोटो नीट उतरवून घ्या

निम्मी कामं इथेच बिघडतात. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो म्हणजे मूळ फोटो नव्हे, तो दाबून लहान केलेला असतो. गावाकडून फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

- कागदी फोटो स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करा. ४ × ६ इंचांच्या फोटोचे २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात. १२ × १८ इंचांची फ्रेम २०० डीपीआयला छापायला ते पुरेसे आहेत.
- पासपोर्ट साइज फोटो १२०० डीपीआयला घ्या. ३.५ × ४.५ सेंटिमीटरच्या फोटोतून साधारण १६५० × २१२५ पिक्सेल निघतात आणि ८ × १० इंचांचं काम भागतं.
- फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा. का, ते शिक्क्याच्या मुद्द्यात येईल.
- फ्लेक्स लांबून बघायचा असतो. ४ × ३ फुटांना ७२ डीपीआय चालतं, म्हणजे ३४५६ × २५९२ पिक्सेल. ‘फ्लेक्ससाठी फार मोठी फाइल लागते’ हा समज आहे.

काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. पावसाळ्यात दमट भिंतीवरच्या फ्रेममध्ये फोटोचा वरचा थर काचेला धरतो, आणि ओढला की चेहराच काचेवर राहतो. काचेसकट स्कॅन करा किंवा मोबाइलनं फोटो घ्या. फ्रेम खिडकीजवळ सावलीत ठेवा, फ्लॅश बंद करा आणि मोबाइलच्या मागे काळी चादर धरा, म्हणजे काचेत तुमचंच प्रतिबिंब दिसणार नाही. मोबाइल फ्रेमला समांतर हवा. तिरपा धरला तर आजोबांचं कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती होते, आणि मग घरातलेच म्हणतात, ‘हे आमचे नाना नाहीत.’

कुठलं साधन घ्यायचं

फोटोशॉपला दरमहा पैसे मोजावे लागतात. रोजचा धंदा नसेल तर त्याची गरज नाही. गिम्प पूर्णपणे मोफत आहे आणि त्यात क्लोन, हील, लेयर, मास्क सगळं आहे. ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी दिसायला फोटोशॉपसारखंच आहे. त्यात फोटो तुमच्याच संगणकावर उघडतो, कुठल्या सर्व्हरवर चढवावा लागत नाही. मोबाइलवर स्नॅपसीडचं हीलिंग छोट्या डागांना ठीक आहे, पण तुकडा कुठून उचलायचा हे तिथे ते स्वतःच ठरवतं. साडीच्या काठावर किंवा मिशीच्या टोकावर ते हटकून गोंधळ घालतं.

माझं मत विचाराल तर घरगुती कामाला गिम्प किंवा फोटोपी, माउससकट. बोटानं मोबाइलवर चेहरा दुरुस्त करायला जाऊ नका.

हात कसा चालवायचा

१. मूळ फाइलची प्रत काढा आणि त्या प्रतीवर काम करा. त्यातही थेट फोटोवर नको. वर एक रिकामी लेयर घ्या आणि क्लोनला खालच्या लेयरमधून उचलायला सांगा. फोटोशॉप आणि फोटोपीमध्ये ‘करंट अँड बिलो’ निवडा, गिम्पमध्ये ‘सॅम्पल मर्ज्ड’वर खूण करा. चुकलं तर तेवढीच लेयर पुसता येते.

२. फोटोशॉपमध्ये ‘एस’ दाबलं की क्लोन मिळतो. ऑल्ट धरून स्वच्छ जागी क्लिक करायचं, मग डागावर. गिम्पमध्ये ‘सी’ दाबा, आणि ऑल्टऐवजी कंट्रोल. हीलिंगला गिम्पमध्ये ‘एच’. ब्रश लहान-मोठा करायला चौकोनी कंसाच्या कळा आहेत.

३. ब्रश डागापेक्षा किंचित मोठा ठेवा. आभाळ, भिंत, गाल अशा ठिकाणी कडा मऊ. टोपीची कड किंवा चष्म्याची काडी असेल तर कडा कडक. सगळीकडे मऊ ब्रश फिरवला की फोटोचा दाणा नाहीसा होतो आणि ती जागा मेणासारखी दिसायला लागते.

४. लांब फटकारे मारू नका. टिचक्या मारा, आणि दर दोन-चार टिचक्यांनी तुकडा नव्या जागेवरून उचला.

५. ‘अलाइन्ड’ ही खूण चालू असेल तर ब्रशबरोबर उचलायची जागाही सरकते. पोत भरायला ती चालू ठेवा. एकच गुंडी किंवा एकच फूल पुन्हा पुन्हा हवं असेल तर बंद करा.

६. काळ्या कोटावर पांढरा ओरखडा असेल तर क्लोनचा मोड ‘डार्कन’ करा. उचललेल्या तुकड्यापेक्षा उजळ असलेली जागाच तेवढी बदलते, बाकीच्या कापडाला धक्का लागत नाही. उजळ भिंतीवर काळा ठिपका असेल तर ‘लायटन’.

आता खरं कसब. तुकडा नेहमी रेघेच्या दिशेनं उचलायचा. हरिश्चंद्रगडाच्या किंवा रतनगडाच्या फोटोतून पर्यटक किंवा विजेची तार काढायची असेल, तर सह्याद्रीच्या कड्यात बसाल्टचे आडवे थर दिसतात. त्याच थरावर डावी-उजवीकडे सरकून तुकडा घ्या. वरच्या थराचा खाली आणला की कडा मोडल्यासारखा दिसतो. रब्बीच्या ज्वारीच्या शेतात ओळीच्या बाजूनं, नऊवारीच्या निऱ्यांत निरीच्या उभारीनं. पैठणीच्या काठाची गंमत वेगळी. तिथे नक्षी ठरावीक अंतरानं परत येते, म्हणून एका मोराची चोच मधोमध धरून क्लिक करायचं आणि दुसऱ्या मोराच्या चोचीवरच पहिली टिचकी मारायची, की पुढचं सगळं आपोआप जुळतं. काठ वळलेला असेल तर फोटोशॉपच्या ‘क्लोन सोर्स’ पट्टीत तुकडा फिरवून किंवा उलटा करूनही घेता येतो.

जिथे गडद आणि उजळ भाग भिडतात तिथे हीलिंग वापरू नका. फेट्याच्या कडेचा काळेपणा ते कपाळावर पसरवतं. कडेजवळ क्लोन, आत त्वचेवर हीलिंग.

मधून मधून फोटो लहान करून बघा, आडवा उलटा करून बघा. एकच ढग किंवा गवताचा एकच झुपका तीनदा आला की डोळ्याला लगेच टोचतो. ऑगस्ट २००६ मध्ये बैरूतवरच्या हल्ल्याचा एक फोटो रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं दिला होता. छायाचित्रकारानं क्लोन वापरून धूर वाढवला होता, आणि धुराचे सारखेच लोट परत परत आलेले वाचकांनीच ओळखले. रॉयटर्सनं त्याचे सगळे, म्हणजे ९२० फोटो विक्रीतून काढून टाकले. घरच्या फोटोला एवढी शिक्षा नसते, पण चूक तीच असते.

शिक्का, पिवळेपणा आणि बुरशी

पासबुक, जुनं ओळखपत्र, सोसायटीचं सभासद कार्ड अशा ठिकाणी बऱ्याच घरांतला एकमेव फोटो सापडतो, आणि त्यावर जांभळा गोल शिक्का असतो. शिक्क्यावर थेट क्लोन मारत बसलात तर कोटाची कॉलरही जाते. त्याआधी चॅनेल उघडून बघा. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल असतात. जांभळी-निळी शाई निळ्या चॅनेलमध्ये फिकी पडते. तेवढाच चॅनेल घेऊन कृष्णधवल फोटो केला, की शिक्का बराचसा विरतो आणि उरलेल्या चार रेघाच क्लोन कराव्या लागतात. पिवळे डाग, चहाचे ओघळ यांना नेमका उलटा उपाय. ते निळ्या चॅनेलमध्ये जास्त गडद दिसतात आणि लाल चॅनेलमध्ये फिके. शिक्काही आहे आणि पिवळेपणाही आहे, तर वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळे चॅनेल घेऊन मास्कनं जोडा. वेळखाऊ आहे, पण चेहरा शाबूत राहतो.

बुरशीचे ठिपके शेकड्यांनी असतात. सगळे काढायचा हट्ट धरू नका. चेहरा, हात आणि त्यांच्या भोवतीची जागा स्वच्छ करा. पाठीमागच्या पडद्यावर थोडे राहिले तर फोटो जुना आहे एवढंच कळतं, आणि तो जुना आहेच.

काय पुसायचं नाही

या भागावर मी थोडा अडून बसणार आहे. स्टुडिओत बसलेल्या मुलाला आजी माहीत नसते. त्याला कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण हा शाईचा डाग वाटतो, आणि तो चोख काम केल्याच्या आनंदात ते पुसून टाकतो. देवीचे व्रण बुजवतो, नाकावरची चामखीळ उडवतो, मिशीतले पांढरे केस काळे करतो. फ्रेम घरी येते, सगळे म्हणतात छान झालाय, आणि दोन दिवसांनी थोरली आत्या म्हणते, ‘ही आई नाही.’

म्हणून काम सुरू होण्याआधी घरातल्या दोन वयस्क माणसांना स्कॅन दाखवा आणि यादी करा: काय अंगावरचं आहे आणि काय कागदावरचं. कागदावरचं सगळं जाऊ द्या. अंगावरचं, म्हणजे गोंदण, व्रण, सुरकुत्या, तुटका दात, राहू द्या. एखाद्या माणसाला आपल्या चेहऱ्यावरची खूण आयुष्यभर खटकली असेल आणि घरच्यांना ते ठाऊक असेल, तर गोष्ट वेगळी. तो निर्णय घरच्यांनी करावा, ऑपरेटरनं नव्हे.

कुंकू-मंगळसूत्राचा प्रश्नही इथलाच. आजोबा गेल्यानंतरचा आजीचा फोटो आणि आजोबांचा तरुणपणीचा फोटो जोडला, तर तिच्या कपाळी कुंकू काढायचं का? आजी हयात असेल तर तिला विचारा. अनेक घरांत हा प्रश्न मुलगे परस्पर सोडवतात. तो तिचा आहे.

स्थळासाठीच्या फोटोत रंग उजळ करून मागणारे पालक खूप आहेत. समोरचे लोक घरी येणारच आहेत, एवढंच सांगतो. पुटकुळी काढा, रंग ठेवा.

दोन फोटोंचा एक करताना

जोडकामात क्लोन शेवटी येतो. आधी लेयर आणि मास्क. जोडायची व्यक्ती कापून वरच्या लेयरवर आणा, पण खोडरबरानं कडा पुसू नका. मास्कनं झाका, म्हणजे कान चुकून गेला तर परत आणता येतो. तुकडा एका फाइलमधून थेट दुसरीत क्लोन करणार असाल, तर दोन्ही फाइलींचा रंगप्रकार एकच हवा. एक कृष्णधवल आणि एक रंगीत असेल तर फोटोशॉप ते करू देत नाही.

योग्य फोटो निवडला की निम्मं काम झालं. निवडताना या क्रमानं बघा:

- उजेड. नाकाची सावली कुठल्या गालावर पडलीय? दोन्ही फोटोंत ती एकाच बाजूला हवी. नसेल तर व्यक्ती आडवी उलटी करता येते, पण मग भांग, साडीचा पदर, सदऱ्याची गुंड्यांची पट्टी आणि घड्याळ सगळंच उलटतं. वर्दीवर नावाची पट्टी असेल तर उलटायचा विचारच सोडा.
- कॅमेऱ्याची उंची. खालून काढलेला माणूस वरून काढलेल्या घोळक्यात कधीच बसत नाही.
- अंतर. हातभरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान लहान येतात. दहा फुटांवरून काढलेल्या ग्रुपमध्ये तो चेहरा जोडलेला म्हणून लगेच ओळखू येतो. सेल्फी टाळा.
- डोक्याचा आकार. एकाच रांगेतल्या माणसांची डोकी जवळपास सारखीच असतात. शेजारच्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत मोजा आणि तेवढंच ठेवा. घरच्यांच्या प्रेमापोटी जोडलेला माणूस नेहमी थोडा मोठा होतो.

सैन्यातल्या मुलाला ग्रुपच्या मधोमध घुसवू नका. कडेला किंवा मागच्या रांगेत उभा करा. पुढच्या माणसाच्या खांद्यामागे त्याचा अर्धा हात गेला की जोड झाकला जातो आणि पाय, चपला, जमिनीवरची सावली हा सगळा ताप वाचतो. पूर्ण उभा दाखवायचाच असेल तर पायाखाली, टाचेला लागून, पातळ गडद सावली हवीच. तीच नसली की माणूस तरंगतो. यानंतर रंग जुळवायचा. मंडपातला पिवळा उजेड आणि छावणीतली दुपार एकत्र नांदत नाहीत. मग दाणा. मोबाइलचा गुळगुळीत चेहरा जुन्या खडबडीत फोटोत आणला असेल, तर त्यावर थोडा ‘नॉइज’ टाका. सगळ्यात शेवटी क्लोन घेऊन कडेवर राहिलेली जुन्या पार्श्वभूमीची पांढरी किनार काढा. केसांभोवती ती हमखास राहते. गोधडीच्या ठिगळाची शिवण दिसली तरी चालते, इथे दिसून चालत नाही.

ऊसतोडीला गेलेल्या आई-वडिलांच्या बाबतीत बहुतेक वेळा दोन पासपोर्ट साइज फोटोच हाताशी असतात. मग शेजारी बसवून, हातात हात देऊन, मागे बंगला लावून नाटक करू नका. दोघांना साध्या एकरंगी पार्श्वभूमीवर छातीपर्यंत ठेवा, मध्ये थोडी जागा सोडा, दोघांनाही कृष्णधवल करा. पूर्वीच्या स्टुडिओतल्या जोडप्यांचे फोटो असेच असायचे, त्यामुळे ते खरं वाटतं.

ग्रुप फोटोत कुणाचे तरी डोळे मिटलेले असणारच. त्यावर उपाय फोटो काढतानाच करा: कुणालाही हलू न देता सलग चार-पाच फोटो घ्या. मग एकाचे उघडे डोळे दुसऱ्या फोटोतून उचलणं हे दहा मिनिटांचं काम उरतं.

शिर्डीला समाधी मंदिरात मोबाइल नेता येत नाही, म्हणून बाबांच्या मूर्तीचा फोटो आणि कुटुंबाचा फोटो जोडून मागणारेही पुष्कळ आहेत. घरच्या देव्हाऱ्यासाठी काहीच हरकत नाही. फक्त मूर्तीचा आणि माणसांचा आकार एकाच पातळीवर आणायची धडपड करू नका. मूर्ती मागे, मोठी आणि किंचित धूसर ठेवली की नजरेला खटकत नाही.

एआयच्या एका बटणाबद्दल

गूगल फोटोजच्या मॅजिक इरेझरनं मागून जाणारी एसटी किंवा विजेचा खांब काढायला माझी ना नाही. पण ‘जुना फोटो नवा करा’ म्हणणारी अॅप्स चेहरा दुरुस्त करत नाहीत, अंदाजानं नवा काढतात. डोळ्यांत चमक येते, दात सरळ होतात, आणि माणूस कुठल्या तरी भलत्याच घरातला दिसतो. पार्श्वभूमीला वापरायचं तर वापरा, चेहऱ्यावर मास्क ठेवून मूळचाच राहू द्या. आणि घरातल्या मुलीबाळींचे फोटो अनोळखी मोफत अॅपवर चढवू नका. ते पुढे कुठे जातात यावर आपला ताबा राहत नाही.

स्टुडिओत काम देताना

मूळ फोटो सोडून येऊ नका. समोर स्कॅन करून घ्या आणि घेऊन या. ठेवावाच लागला तर पावतीवर ‘मूळ फोटो १ जमा’ असं लिहून घ्या. बाकी एवढं आधीच ठरवा:

- काय काढायचं आणि काय ठेवायचं याची यादी, स्कॅनच्या प्रिंटवर पेननं खुणा करून.
- छापण्याआधी नमुना कसा दाखवणार, आणि त्या दरात किती वेळा बदल करून देणार.
- छापील फ्रेमबरोबर पूर्ण आकाराची फाइल मिळणार का. ही मागा, पुढे हीच लागते.
- तुमचा फोटो दुकानाच्या जाहिरातीत किंवा स्टेटसला लावायचा नाही, हे स्पष्ट शब्दांत.

दशक्रियेचं काम घाईचं असतं. तेव्हा एवढंच करून घ्या: स्कॅन, शिक्का किंवा ओरखडे, साधी पार्श्वभूमी. कोट-टाय चढवू नका. आयुष्यभर धोतर-टोपीत वावरलेला माणूस साच्यातल्या कोटात चौकात लटकवण्यापेक्षा डाग राहिलेला बरा. नीट काम वर्षश्राद्धापर्यंत सावकाश करता येतं.

हक्क कोणाचा

पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काम सांगणारा असतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ मध्ये तसं म्हटलेलं आहे. त्यामुळे लग्नाच्या अल्बममधला फोटो दुसऱ्या स्टुडिओतून दुरुस्त करून घ्यायला तुम्हाला सहसा अडचण नाही. पण बुकिंगच्या कागदावर मागे बारीक अक्षरात काही वेगळं लिहिलंय का ते वाचा. इंटरनेटवरून उचललेली पार्श्वभूमी, मग ती भंडारदऱ्याची असो की स्वित्झर्लंडची, दुसऱ्या कुणाची तरी असते. घरच्या फ्रेमला कुणी विचारायला येत नाही, पण दुकानाच्या फ्लेक्सवर किंवा छापील कॅलेंडरवर ती लावली तर मालक पैसे मागू शकतो.

काम बिघडवलं, मूळ फोटो हरवला, तर आधी लेखी तक्रार द्या. नंतर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यानंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. मोबदल्याची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. पावती नसेल तर मात्र हे सगळं अवघड होतं.

जिथे हात लावायचाच नाही

पुराव्याच्या फोटोवर डागसुद्धा पुसू नका. यात येतात:

- पीक नुकसानीचे, पीक विम्याचे आणि ई-पीक पाहणीचे फोटो
- घरकुल, शेततळं अशा योजनांचे जागेची नोंद असलेले फोटो
- अपघात, मारहाण, बांधावरचा वाद
- पासपोर्ट, व्हिसा आणि परीक्षेच्या अर्जाचे फोटो

‘मध्ये बैल आला होता, तेवढा काढला’ इतकी निरागस दुरुस्तीही पूर्ण फोटोवरचा विश्वास घालवते. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरूनच निघणारी तिची आकडी खूण, लिहावी लागते. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ती बदलते. फसवण्यासाठी बदललेला फोटो खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेखाली बनावटीकरणाचा गुन्हा होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून हे दोन्ही कायदे लागू आहेत.

बातमीच्या फोटोलाही हाच नियम. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या पुराच्या वेळी पंतप्रधानांच्या हवाई पाहणीचा एक फोटो पत्र सूचना कार्यालयानं प्रसिद्ध केला. खिडकीतलं दृश्य दुसऱ्या फोटोतून जोडलेलं आहे हे लोकांनी ताडलं आणि कार्यालयाला तो मागे घ्यावा लागला. गावच्या कार्यक्रमाची बातमी पाठवताना स्टेजवर नसलेल्या पाहुण्याला क्लोन करून बसवणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे लक्षात ठेवावं. फ्लेक्सवर नेत्याशेजारी आपला चेहरा लावणं वेगळं, ते सगळ्यांनाच जोडलेलं आहे हे कळतं.

कुणी तुमचाच फोटो जोडला तर

अश्लील किंवा बदनामी करणारा जोडफोटो फिरत असेल, तर घाबरून तो डिलीट करू नका. आधी स्क्रीनशॉट, लिंक, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ नोंदवा. पैसे मागितले तर देऊ नका, एकदा दिले की मागणी थांबत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टलवर करता येते. तिथे महिला आणि मुलांसंबंधीच्या काही तक्रारी नाव न सांगताही नोंदवायची सोय आहे. जवळच्या पोलिस ठाण्यातही जाता येतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६ई, ६७ आणि ६७ए अशा प्रकरणांत लावली जातात. मुलीला ‘फोटो टाकलेसच का’ असं विचारत बसू नका, त्यात पुराव्याचा वेळ जातो.

फाइल आणि मागची नोंद

काम झाल्यावर तीन फाइली ठेवा: हात न लावलेला स्कॅन, लेयरसकट काम केलेली फाइल आणि छापायची जेपीईजी. पेन ड्राइव्ह हरवतो, म्हणून एक प्रत दुसऱ्या कुणाच्या घरी असू द्या. फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर, फोटोच्या कागदावर नव्हे, पेन्सिलीनं लिहा: माणसांची नावं, मूळ फोटो कुठला आणि अंदाजे कोणत्या साली काढलेला, आणि जोडला असेल तर कोणाला जोडलं. नातवंडं उद्या विचारतील की अमुक काका लग्नाला होते की नव्हते. होते असं फोटो म्हणेल, आणि नव्हते हे पुठ्ठ्यावर लिहिलेलं असेल.